जस्ताची भट्टी

लढाईनं दगडी कोळसा रोज महाग होत होता, तरी हरकचंदनं जुन्या जालन्यात जस्त शुद्ध करायची भट्टी बांधली. समोरच्या धान्यवाल्या रामकिसनला तेव्हापासून जेवण गोड लागेना. "माझ्या डोळ्यांदेखत हा लखपती होणार? त्याला कोळसाच मिळू देत न्हाई!"

बदरोद्दीन दलालामार्फत तो बाजारातला सगळा कोळसा उचलत सुटला. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. कुणी विकला, कुणी घेतला, हे दलालाच्या पोटात राहायचं. दुकानातलं धान्य विकून संपलं, तेव्हा रामकिसननं बायकोच्या पाटल्या मोडल्या.

"अवो, घरात पाय ठेवायला जागा न्हाई कोळशानं," नंदाबाई रडकुंडीला आली.

"त्याची भट्टी पेटली का?"

"न्हाई."

"मंग बराबर चाललंय."

दिवाळीला हरकचंद पेढे घेऊन दारात उभा राहिला. भट्टी अजून थंडच होती. रामकिसननं गालात हसत विचारलं, "पेढे कशाचे, शेट?"

"भट्टीसाठी भरून ठेवलेला कोळसा चौपट भावानं गेला, रामकिसनजी. जस्तात एवढं कुठलं सुटायला!"

पेढ्यांचा पुडा पुढं करत हरकचंद म्हणाला,

"बदरोद्दीन गिऱ्हाइकाचं नाव सांगत न्हाई, न्हाईतर पहिला पेढा त्यालाच दिला असता."