राहून गेलेला बूट

ऋजुताने हातोडीचा शेवटचा ठोका दिला आणि मोटारीचे चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टवर त्याचा सांधा खट्कन बसला. अंगणात स्टुलावर बसून तिचे सासरे त्र्यंबकराव तिला एकेक कृती सांगत होते. उजवा हात लुळा पडल्यापासून घरातल्या कामांत त्यांचे सांगणे तेवढे उरले होते.

एवढ्यात त्यांची दृष्टी पायरीवर गेली. सांध्यावरच्या फाटलेल्या बुटाच्या जागी घालायचा नवा बूट, म्हणजे सांध्यात धूळ जाऊ न देणारे रबरी आवरण, तिथेच होता. सांध्याआधी तो शाफ्टवर ओवावा लागतो, हेच ते सांगायला विसरले होते. आता बसलेला सांधा पुन्हा काढणे आले.

"बुद्धीही गेली माझी," ते खालच्या स्वरात म्हणाले. "मेकॅनिकला बोलाव, बाळ. मला आता विचारत जाऊ नकोस."

"मामंजी, मागे तुमच्या चिरंजीवांनीही हेच केलं होतं. तेव्हा तुम्ही घातलेल्या शिव्या शेजाऱ्यांना अजून पाठ आहेत!" ती हसली आणि ठोकायचा पितळी दांडा उचलून थांबली. "हा सांधा न मोडता निघायचा कसा, ते सांगा."

त्र्यंबकराव स्टुलावरून पुढे वाकले. त्यांनी डाव्या हाताने शाफ्ट घट्ट पकडला.

"सांध्याच्या आतल्या कड्यावर ठोक. अगं, भिऊ नकोस, मी धरलाय."