निर्दोष सुटल्यावर

चष्म्याची भिंगं घासणारा तो बहिणीच्या दारातून आत आला तशी तिनं आपल्या मुलीला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. मग एकटीच बाहेर आली आणि चहाचा कप त्याच्या हातात न देता स्टुलावर ठेवला.

न्यायालयानं त्याला सकाळीच निर्दोष सोडलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या काकांच्या तोंडावर उशी दाबून त्यांचा जीव घेतल्याचा आरोप होता. काकांच्या घराची किल्ली त्याच्याच घरी असायची, घरही पुढं त्यालाच मिळायचं होतं. चौदा महिने लोकांच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं.

"सुटलास, बरं झालं," बहीण म्हणाली. "पण पुरावा पुरला नाही, एवढंच वकील म्हणाले. तू केलं नाहीस असं काही म्हणाले नाहीत."

तो चहा न घेताच उठला.

चष्म्याच्या दुकानात मालकानं तोंडभरून अभिनंदन केलं आणि थोडे दिवस घरीच थांबायला सांगितलं. त्यानं घासलेली भिंगं डोळ्यांवर चढवायची म्हणजे गिऱ्हाइकांना किळस येते म्हणे. रस्त्यात शेजारी पचकन थुंकला, तोंड मात्र भलतीकडे करून.

त्याला स्वतःचीही शिसारी येत होती, पण वेगळ्याच कारणानं. काका गेले त्या संध्याकाळी त्यांना भरवायची पाळी त्याची होती. खोलीतला मलमूत्राचा वास नुसता आठवून त्याला मळमळलं आणि तो तळ्याकाठी जाऊन एकटाच बसून राहिला. तिथं त्याला कुणी पाहिलं नाही. आपण गेलो असतो तर काका वाचले असते, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

त्याला सोडवलं ते बायकोनं. आम्ही दोघं संध्याकाळभर घरातच होतो, असं तिनं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शांतपणे सांगितलं. उलटतपासणीतही ती तसूभर हलली नाही. आपल्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस जगात आहे, एवढ्यावर त्यानं कोठडीतले उरलेले दिवस ढकलले.

तो घरी आला तेव्हा ती वाट पाहत होती. तिनं पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. त्यानं तो उभ्यानंच रिकामा केला.

"मी त्या वेळी घरी नव्हतो, हे तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मग खोटं का बोललीस? मीच केलं असं वाटलं तुला?"

"छे. एकदाही नाही."

"इतकी खात्री कशी?"

"तुम्ही काकांकडे आलाच नाहीत," ती म्हणाली. "मी होते ना तिथं."