मनगटावरचे पाच तास

"नीट हुंग. घाई नको," म्हणत त्याने मनगट बायकोच्या नाकाखाली धरलं. सेंट फवारून दहाच मिनिटं झाली होती.

तिने डोळे मिटले. "लिंबाची साल. आणि हिरवं पान चुरगळल्यासारखं काहीतरी."

त्याने वहीत लिहून घेतलं आणि लगेच कारखान्यात फोन लावला. "सुरुवात झकास आहे, साहेब. एकदम ताजा, हिरवा," हे त्याने अशा ऐटीत सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, नाक याचंच.

कारखान्यात त्याला सगळे 'नाकवाले' म्हणत. बाटल्या भरण्याआधी शेवटचा शब्द त्याचा असे. पण तीन महिन्यांपूर्वीच्या तापाने ते नाक पार बसवलं होतं. फिनेल आणि गुलाबपाणी त्याला आता सारखंच. त्यानंतरचा पहिला माल त्याने नुसत्या आठवणीवर, घड्याळ बघून पास केला: दहा मिनिटांनी लिंबू, दोन तासांनी गवत, पाच तासांनी लाकूड. तो माल अंगावर तीनच तासांत आंबला आणि दुकानांतून पेट्याच्या पेट्या परत आल्या. "पुन्हा असं झालं तर मलाही तुम्हाला वाचवता येणार नाही," साहेब म्हणाले होते. पन्नाशीतल्या, हुंगण्यापलीकडे काहीही न येणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? त्या दिवशी घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. "घाबरू नका. मी आहे ना," ती म्हणाली होती. मग याच सेंटचा नवा माल घरच्या हवेतच तपासायला हवा, असं त्याने साहेबांच्या गळी उतरवलं.

दोन तास झाल्यावर त्याने पुन्हा मनगट पुढे केलं.

"लिंबू गेलं. ओलं गवत आहे. मागे मिरीसारखं जरा."

"आंबट?"

"छे."

त्याने फोन केला. मग तो येरझाऱ्या घालत बसला नाही, कारण घाम आला तर वास बिघडतो. खुर्चीत मनगट वर धरून, हाताला पट्टी बांधल्यासारखा बसून राहिला. तिसरा तास उलटला. दर पाच मिनिटांनी तो तिला हाका मारू लागला. शेवटी ती स्वयंपाकघरातलं काम तसंच टाकून, दार लोटून त्याच्या शेजारी येऊन बसली.

पाचवा तास भरला. तिने या वेळी बराच वेळ नाक मनगटाला लावून ठेवलं.

"लाकूड. कोरडं, उबदार. आणि तळाशी शेवाळ."

"आंबट नाही ना? जरासंही?"

"नाही म्हटलं ना."

शेवाळ हा शब्द त्याचाच. बावीस वर्षं एका छपराखाली राहून हिचंही नाक तयार झालं, असं मनात येऊन त्याला तिचं कौतुक वाटलं. त्याने फोन उचलला. "पास, साहेब."

"मग लावतो मशिन," साहेब म्हणाले.

त्याने रिसीव्हर ठेवला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा पाठ टेकून बसला. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारीण होती, तोंडावर ओढणी धरून.

"अहो वहिनी, गॅसवर काय ठेवलंय? जिन्यात उभं राहवत नाही, इतका करपल्याचा वास सुटलाय."

बायको धावली. लोटलेलं दार उघडताच धूर अंगावर आला. भाजीचा कोळसा झाला होता, पातेलं काळं ठिक्कर. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली. शेजारीण खोकत खोकत आपल्या घरी गेली.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. तिची खुर्ची या दारापासून चार हातांवर होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिने पातेलं नळाखाली धरलं. चर्रकन आवाज झाला.

"तुमच्या आधी दोन दिवस," ती म्हणाली. "ताप माझ्याकडूनच आला होता तुम्हाला."