थांबलेला माणूस

झेब्रा पट्ट्यांपाशी उभं राहून निरंजनला अकरा मिनिटं झाली होती. समोरच्याच हॉस्पिटलमध्ये पाच वाजता वडिलांना ऑपरेशनला नेणार होते, आणि इथे एकही बिनड्रायव्हरची गाडी थांबायला तयार नव्हती. जर्मनीतल्या वीस वर्षांत तो रस्त्याकडेला नुसता उभा राहिला, की गाड्या आपणहून थांबायच्या.

"अहो, असे उभे राहिलात तर उद्या उजाडेल," शेजारी गाडा लावून बसलेली शहाळीवाली म्हणाली. "या गाड्या आपल्या सांगलीकरांकडे बघून शिकल्यात. जो थांबतो त्याला जायचंच नाही, असं समजतात. हात पुढे करा आणि सरळ चालत सुटा."

त्यानं जीव मुठीत धरून हात पुढे केला आणि पाऊल टाकलं. खरंच सगळ्या गाड्या थांबल्या! निरंजनला भरून आलं. रस्त्याच्या मधोमध, सवयीनं, तो क्षणभर थांबला आणि गाडीकडे बघून त्यानं आभाराची मान हलवली.

त्यासरशी त्याच्या पुढून-मागून गाड्या सुटल्या.

"चाला हो, चाला!" शहाळीवाली ओरडत होती. पण त्याचे पायही वीस वर्षांत एकच गोष्ट शिकले होते. गाडी थांबल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.