मोडणारा पाय

रिमोटवरचं विमान पुन्हा मैदानावर आपटलं आणि चाकांचा पाय मोडला. अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा अंगठा वेळेवर हलत नाही, पण विमान उडवणं सोडायला ते तयार नाहीत.

"बास झालं की आता," आई म्हणाली. "विकून टाका ते."

मला त्या पायाचाच राग आला. इतक्या जुन्या विमानाचे भाग आता मिळत नाहीत, म्हणून मी दर वेळी नवा पाय पातळ प्लायवूडमधून कापून द्यायची. या खेपेला ॲल्युमिनियमची जाड पट्टी शिकंज्यात धरली आणि हातोडीनं ठोकून वाकवली. आता मोडून दाखव, म्हटलं.

पुढच्या रविवारी विमान तसंच आपटलं. पाय जसाच्या तसा राहिला, पण सगळा दणका वर गेला आणि विमानाचं पोट उभं फाटलं. मला रडूच फुटलं. बाबा मात्र त्या चिरेवरून बोट फिरवत राहिले.

"अगं, पाय मोडतो म्हणून विमान वाचतं," ते जड जिभेनं म्हणाले. "मोडणाराच कर."

पोट चिकटवून झालं तशी मी करवत घेऊन पुन्हा प्लायवूडला भिडले.

त्यानंतर मैदानावर गेलो, तेव्हा माझ्या हातातली फुगलेली पिशवी बघून आईनं विचारलं, "यात काय गं एवढं?"

"पाय," मी म्हणाले आणि रिमोट बाबांच्या हातात दिला. "बाबा, आज बिनधास्त पाडा."