शेजारच्या सीटचा बेल्ट

इटलीतल्या तुरीनच्या एका गॅरेजात ओलिंदोने एर्सिलियाबाईंची गाडी बांधली. खाली आजची स्पोर्ट्‌स कार, वर बाईंच्या तरुणपणीच्या गाडीचा हुबेहूब पत्रा, फोटो बघून हाताने ठोकलेला. फोटोत नाही ते गाडीत नाही, हा त्याचा हट्ट. कायद्यापुरता चालवणाऱ्याचा सीटबेल्ट त्याने ठेवला; शेजारचा काढून टाकला आणि बेल्टची आठवण करून देणाऱ्या घंटीची वायरही कापली.

गाडी न्यायला आलेल्या बाईंनी किल्ली फिरवली आणि घंटी वाजू लागली.

ओलिंदो ओशाळला. "वायर मी स्वतः कापलीय, सिन्योरा. शिवाय शेजारच्या सीटवर कुणाचं वजन असल्याशिवाय ती वाजत नाही."

बाईंनी शेजारी पाहिलंही नाही. "बेल्ट परत बसव."

"पण तुमच्या गाडीत नव्हता की."

"नव्हता म्हणूनच सांगतेय. मी चालवत होते, नवरा शेजारी होता. घाटातल्या वळणावर दार उघडलं आणि तो दरीत गेला."

त्याने बेल्ट बसवला. बाईंनी तो रिकाम्या सीटवरून ओढून खटकन अडकवला. घंटी थांबली.

"शहाण्यासारखं बसायला किती वर्षं लावलीस रे," त्या पुटपुटल्या.

आपल्यालाच बोलताहेत असं वाटून ओलिंदो खाली वाकला, आणि त्याचं लक्ष बेल्टकडे गेलं. तो सीटला टेकलाच नव्हता. एका छातीएवढी जागा सोडून ताणलेला होता.