तेल भरल्यावर

“गाडी घ्याल, ते ठीक आहे. पण गिअरबॉक्समध्ये तेल कुठलं घालाल?”

गाडीखालून फिटरचे फक्त पाय दिसत होते. प्रश्न तिथूनच आला. दारात उभ्या असलेल्या डॉक्टरने आधी फिटरच्या मुलीकडे पाहिलं, मग गाडीकडे.

हे तिसरं गिऱ्हाईक, दातांचा डॉक्टर. पहिल्या गिऱ्हाइकाने स्वस्त मिळेल ते घालीन असं सांगितलं, आणि चहा यायच्या आत त्याला वाटेला लावण्यात आलं. दुसरा म्हणाला, तेल ते तेल, त्यात काय बघायचं. त्याच्यासाठी फिटरने स्वतः उठून फाटक उघडलं. त्यावर जावई म्हणाला होता की मुलगी देताना बाबांनी मला एवढंही विचारलं नव्हतं. मुलीला हसू आलं नव्हतं. महिनाअखेरीला ती वडिलांना आपल्याकडे नेणार होती. तिचं घर चौथ्या मजल्यावर, खाली गाडी लावायला जागा नाही. गाडी चांगल्या हाती गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं फिटरने सांगून टाकलं होतं. आणि गाडी काही तो जाऊ देत नव्हता.

“पंचाहत्तर-नव्वद,” डॉक्टर म्हणाला. “लिमिटेड स्लिपवालं. दोन्ही चाकांना धरून ठेवेल, पण वळणावर सोडेल, असं. आणि पितळेला खाणार नाही, असं.”

फिटर पाठीखालच्या फळीसकट सरकत बाहेर आला. उत्तर बरोबर होतं. शब्द न् शब्द बरोबर होता, आणि शब्द न् शब्द त्याचाच होता. गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांविषयी तो जेवताना बोलायला लागला की लहानपणी मुलगी ताटाशी झोप लागल्याचं सोंग करायची. आता ती फाटकाची कडी बघत होती.

“पेपर फुटलाय,” फिटर म्हणाला.

“उत्तर बरोबर आहे ना, बाबा? मग झालं तर.”

फिटर गुडघ्यावर हात देऊन उठला. बायको गेल्यापासून सात महिने गाडी फाटकाबाहेर गेली नव्हती. तरी आज सकाळी त्याने जुनं तेल काढून नवं भरलं होतं. विकायच्या गाडीत नवं तेल कशाला, असं मुलीने विचारलं, तर विकायची ठरली कधी, असं त्यानेच उलट विचारलं. त्याने हात पुसले. बोटं एकेक करून पुसली.

“आणि भरल्यावर काय करायचं?”

डॉक्टरने पुन्हा मुलीकडे पाहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं.

“बोल्ट आवळायचा,” डॉक्टर म्हणाला.

“तो मी आवळला. पुढे?”

डॉक्टर भला माणूस होता. येत नाही, असं त्याने सरळ कबूल केलं आणि तुम्ही सांगा, काका, मी शिकेन, असंही म्हणाला. फिटरला त्याच्यावर रागावता येईना. त्यामुळे तो मुलीवर रागावला.

“मागच्या आवारात इंग्रजी आठ काढायचे. हळू, स्टिअरिंग पूर्ण फिरवून. दहा. आतल्या प्लेटांच्या मधे तेल शिरलं पाहिजे. नुसतं भरून भागत नाही. माझे कान खाली, खडखड ऐकायला, म्हणून मोजायची तुझी आई. नळापाशी उभी राहायची आणि दहा झाले की हात वर करायची. तिने हात वर केल्याशिवाय मी कधी थांबलो नाही.”

मग तो गाडीत बसला आणि काच खाली केली.

“आज तू मोज. दहा झाले की किल्ली डॉक्टरांची. मी एक शब्द बोलणार नाही.”

मागे एका बंद गोदामाचं सिमेंटचं आवार होतं. मुलगी नळापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारी डॉक्टर. गाडी माणसाच्या चालीने निघाली, डावीकडे पूर्ण वळली, मधे आली, उजवीकडे पूर्ण वळली. पहिल्या आठाला वळणावर खालून खडखड आली. दुसऱ्यालाही आली. तिसऱ्याला कमी झाली. फिटरने मान कलती करून कान खिडकीशी ठेवला होता. सहाव्यापासून आवाज बंद झाला. राहिला तो फक्त टायरखाली खडी दबल्याचा.

आता ऐकायला काही उरलं नव्हतं, तरी त्याची मान तशीच कलती होती. प्रत्येक आठ पुरा करून तो मधे आला की नळाकडे बघायचा. मुलीच्या तोंडाकडे नाही, तिच्या हाताकडे. विनवणी नव्हती त्यात. यंत्रावरचा काटा बघावा तसा बघायचा आणि पुढच्या वळणाला लागायचा.

मुलगी मनात मोजत होती. सात. आठ. धुळीत दोन गोल स्वच्छ उमटले होते. नऊ. डॉक्टरने चष्मा पुसून पुन्हा लावला. गाडी परत मधे आली, आणि फिटरने नळाकडे पाहिलं.

“दहा झाले, ताई,” डॉक्टर म्हणाला. त्यानेही मोजले होते.

“नाही,” मुलगी म्हणाली. “चारच झालेत.”

आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन तिने एकात एक घट्ट धरले.